यासीनभाईंचे दोन मिलिमीटर

यासीनभाई,

मंगळवारी सकाळी तुम्हाला माती दिली. तुमच्या थोरल्याने मला पुढे बोलावलं, "मास्तर, या," आणि मी गेलो. तीन मुठी टाकल्या. कुणी भाषण केलं नाही, कुणी हार आणला नाही, अर्ध्या तासात सगळे आपापल्या वाटेला लागले. इतका नेटका निरोप मी दुसरा पाहिलेला नाही. शुक्रवारी मात्र बाजारपेठेतल्या दुकानदारांनी शोकसभा घेऊन सगळी कसर भरून काढली. एका वक्त्याने तुम्हाला 'नेत्रमहर्षी' केलं. दुसऱ्याने 'जुन्नरचा दीपस्तंभ'. जुन्नरपासून समुद्र किती लांब आहे हे मी जन्मभर भूगोलाच्या तासाला शिकवलं, त्यामुळे दीपस्तंभाला मी खुर्चीत जरा हललो. तुमच्या पाटीवर 'चष्मे व घड्याळे दुरुस्त करून मिळतील' एवढंच लिहिलं होतं, आणि पाऊस लागून त्यातलं 'मिळतील' पुसलं गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू दे. मिळतील की नाही ते काम बघून ठरवू."

माझंही नाव पुकारलं. मी उठलो, दोन वाक्यं बोललो, बसलो. मला जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुम्हालाच सांगायचं होतं. तीन वर्षं तुम्ही माझ्यासमोर एका डोळ्याला भिंग लावून बसत होतात, आणि तीन वर्षं मी ते सांगितलं नाही.

निमगाव सावाला माझा साडेतीन एकराचा तुकडा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथे मका लावतो, आणि रानडुकरं तो काढतात. वडिलांची रायफल होती, तिचा परवाना माझ्या नावावर झाला होता. पिकात शिरणारी डुकरं मारायची परवानगीही रीतसर काढली होती. अडचण डोळ्यांची होती. डुकरं ओढ्यातून वर येतात ती दिवस मावळल्यानंतरच्या पाऊण तासात, आणि नेमक्या त्याच पाऊण तासात मला नळीच्या टोकाची नेम धरायची माशी, समोरचं डुक्कर आणि मागचं ढेकूळ एकाच रंगाचं दिसायला लागायचं.

शेजारच्या सोपानने उपाय सुचवला. "मास्तर, स्कोप टाका राव बंदुकीवर. चोवीस पट! लई भारी दिसतं. डुकराच्या अंगावरची गोचीड दिसती."

"गोचीड मारायला बंदूक कशाला, सोपान?"

"तुमच्याशी बोलायचं म्हंजी..." असं म्हणून त्याने मोबाइलवरून माहिती उतरवलेला कागद माझ्या खिशात कोंबला. पुढची काच छप्पन्न मिलिमीटर, पट वाढवत चोवीसपर्यंत, मधोमध पेटणारा लाल ठिपका. तो कागद घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. दिवाळीत फटाके सुरू झाले की तुम्ही दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचात. पण काचेची म्हणून जी वस्तू जुन्नरात बिघडली, मोजणीवाल्यांची यंत्रं असोत की जंगलात फिरणाऱ्यांच्या दुर्बिणी, ती तुमच्या टेबलावर आली होती. म्हणून मला विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

तुम्ही कागद वाचला, उलटा करून ठेवला आणि भर दुपारी शटर खाली ओढलं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता वीस मिनिटं अंधारात बसायचं."

"आणि करायचं काय?"

"गप्प. तुम्हाला ते अवघड जाईल, पण बघा जमतंय का."

वीस मिनिटांनी तुम्ही एक अगदी मंद, तांबडा दिवा लावला आणि काळ्या ठिपक्यांची पट्टी माझ्या डोळ्याशेजारी धरली. एकेक ठिपका सरकवत गेलात. शेवटी म्हणालात, "पाच."

"पाच काय?"

"तुमच्या बुबुळाचं दार. पूर्ण अंधारात सगळ्यात मोठं उघडलं तर पाच मिलिमीटर. विशीत सात उघडत असेल. तेव्हा यायला पाहिजे होतं."

मग तुम्ही गणित सांगितलं. मी स्वतः मास्तर असून इतकं सोपं गणित इतक्या उशिरा शिकलो. पुढच्या काचेच्या मापाला पटीने भागायचं. जे येईल तेवढ्या जाडीची उजेडाची सळई मागच्या बाजूने डोळ्यात पडते. छप्पन्न भागिले चोवीस म्हणजे जेमतेम सव्वादोन. "एवढं मोठं तोंड उघडून उजेड गोळा करायचा," तुम्ही म्हणालात, "आणि पाचाच्या दारातून सव्वादोन आत सोडायचा. दिवसा चालतं. संध्याकाळी अर्ध्याहून जास्त दार रिकामं." आणि तुमचा सल्ला? सहा पट. एकच पट, कमी-जास्त होणार नाही. पुढची काच बेचाळीस. सळई सातची. लाल ठिपका नको.

"पण माझं दार पाचचं आहे," मी म्हणालो. "सातातले दोन वाया गेले की. आठ पट घेतली तर सव्वापाच येतात. बरोबर बसतात."

तुम्ही हसलात. आपल्या भांडणाची सुरुवात ती.

त्या आठवड्यात तुम्ही पुण्याच्या एका ओळखीच्या नेमबाजाकडून दोन्ही प्रकारचे स्कोप चार दिवसांपुरते मागून आणले आणि मला संध्याकाळी दुकानाच्या गच्चीवर बोलावलं. कठड्यावर तांदळाचं अर्धं पोतं ठेवून त्यावर ते दोन्ही शेजारी शेजारी आडवे केलेत. समोर शिवनेरीचा कडा. सूर्य जाऊन बराच वेळ झाला होता. नुसत्या डोळ्यांना कडा म्हणजे आभाळापेक्षा जरा जास्त काळा असा एक तुकडा होता. मी आधी सोपानच्या आवडीच्या, चोवीस पटीच्या काचेतून पाहिलं. राखेत पाणी ओतल्यासारखं काहीतरी हललं. मग तुमची काच.

यासीनभाई, मला सहसा कशाने भारावून जायला होत नाही. तो माझा दोष आहे, बायको सांगते. पण त्या संध्याकाळी मी तांदळाच्या पोत्यावर गाल टेकून किती वेळ बसलो ते मला माहीत नाही. कडा परत आला होता. लेण्यांची तोंडं आली, त्यांच्या खालची ओली पट्टी आली, फटीतून वाढलेलं वाळकं गवत एकेक काडी करून आलं. एका खोबणीत पारवे दाटीने बसत होते आणि त्यातला एक सारखा जागा बदलत होता. मी काचेतून डोळा काढला की काळा तुकडा. डोळा लावला की पारवे. दिवस संपला असं मी समजत होतो, आणि तो तिथे शिल्लक होता.

"हा उजेड आला कुठून?" मी विचारलं.

"आला कुठून म्हणजे? होताच. आपल्याकडे जागा कमी होती."

खाली उतरताना मी पुन्हा दोन मिलिमीटरचा विषय काढला. इतकं पाहूनही. तुम्ही जिन्यात थांबलात. "मास्तर, पोत्यावर ठेवलेल्या काचेला सव्वापाच पुरतील. तुमच्या खांद्यावर नाही पुरणार. तुमचा हात हलणार, छाती धडधडणार, डोळा इकडचा तिकडे सरकणार. ते दोन मिलिमीटर वाया नाहीत. त्यात माणसाची चूक मावते."

"हे गणित नाही, कीर्तन आहे."

"कीर्तन तर कीर्तन. पैसे तुमचे, डोळा तुमचा. चूक मात्र दुसऱ्या कुणाला लागेल."

मी सहा पटीचाच घेतला. भांडण मात्र सोडलं नाही. आठ पट का योग्य, याचं मी पानभर गणित मांडून आणलं होतं. त्यात तुम्ही एका घड्याळाचे स्क्रू गुंडाळून ठेवलेत.

पुण्यातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून मी तो रायफलीवर बसवून आणला, तेव्हा तुम्ही एक नियम घातलात. दोन डोळ्यांची तुमची जुनी दुर्बीण टेबलावर ठेवलीत. "बघायचं ते हिच्यातून. बंदुकीवरची काच बघण्यासाठी नाही. आधी हिच्यातून ओळखायचं, मग गोळी आत घालायची, मग त्या काचेला डोळा लावायचा."

"आणि क्रम चुकला तर?"

"तर माणूस जे शोधत असतो तेच त्याला दिसतं."

मी ते वाक्य मनात वाखाणलं. पाळलं नाही.

माघातली ती संध्याकाळ. काच कशी चालते ते बघायला तुम्ही मुद्दाम एस.टी.ने निमगावला आलात. बंदुकीच्या आवाजासाठी कानात घालायला कापूस घेऊन आलात. पाण्याच्या मोटारीच्या खोलीआडून आपण मक्याच्या कडेवर नजर ठेवून बसलो. मक्यामागे ओढ्याचा उंच मातीचा काठ होता, म्हणजे चुकलेली गोळी मातीतच जाणार. ती जागाही तुम्हीच निवडलीत. सूर्य गेला. गावातून मगरिबची अजान आली. तुम्ही उठलात, पाटाच्या पाण्यावर हातपाय धुतले आणि वीसेक पावलांवर, बांधालगतच्या सपाट जागेत टॉवेल अंथरला. दुर्बीण तुमच्याकडेच राहिली. तुम्ही द्यायची विसरलात, मी मागितली नाही.

आणि मक्याच्या कडेला ते आलं. साठेक पावलांवर. काळं, वाकलेलं, पाठीला कुबड, मधूनच पुढे हिसका देणारं. मुळं उकरताना डुक्कर देतं तसा हिसका. माझ्याकडे दुर्बीण नव्हती, म्हणून मी बंदुकीवरच्या काचेतून पाहिलं. आणि काच चोख होती, यासीनभाई. तुम्ही निवडली होती. पाठीवरचे राठ, उभे केस मला दिसले. उजेड कमी पडला असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मी बोल्ट ओढून पुढे लोटला. गोळी आत गेली. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. काचेतली फुली त्या कुबडावर ठेवली, श्वास अर्धा सोडला, बोट घोड्यावर ठेवलं.

आणि सगळं काळं झालं.

क्षणभर मला वाटलं माझे डोळे गेले. मग कळलं, काचेसमोर तुमचा तळवा होता. तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसला होतात. कधी आलात ते मला समजलंच नव्हतं.

"आता काय दिसतंय?" तुम्ही अगदी हळू विचारलंत.

"काही नाही."

"मघाशीही काही दिसत नव्हतं, मास्तर. वाटत होतं."

तळवा तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तुम्ही दुर्बीण माझ्या हातात दिलीत. मी पाहिलं. राठ केस म्हणजे लोकर होती. पाठीच्या खालच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याची किनार होती. घोंगडी. डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक म्हातारा माणूस उकिडवा बसला होता आणि पायातला काटा काढायला हिसके देत होता. धुळाबा मेंढपाळ, मका निघाला की माझ्याही रानात मेंढरं बसवणारा. सोपानच्या मोकळ्या झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचं ठरलं होतं. मेंढरं दुसऱ्या दिवशी यायची होती. त्याआधी पाणी कुठे आहे ते बघायला हा एकटाच आला होता. मेंढरांशिवाय धुळाबा असू शकतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"कोन हाय रं तिकडं?" तिकडून आवाज आला.

तुम्हीच ओरडलात, "मास्तर आहेत! आणि मी, यासीन!"

"काय करताय?"

"चांदणी बघतोय. शुक्राची."

"बंदुकीतनं?"

"शिकलेला माणूस आहे, धुळाबा. कशातूनही बघतो."

तो हसला. लंगडत आला, पायरीवर बसला. मी खोलीमागे जाऊन गोळी बाहेर काढली, त्याला किती वेळ लागला ते सांगत नाही. चहा मी करायला घेतला आणि तुम्ही माझ्या हातून पातेलं काढून घेतलंत. चहा झाल्यावर तुम्ही पुन्हा टॉवेल उचलून बांधाकडे निघालात. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून मी बोललो, "दोनदा? वरच्याने पहिल्या वेळी ऐकलं नाही का?"

"पहिली नीट झाली नव्हती," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, चार सेकंद मागे पडतं म्हणून बंद केलेलं घड्याळ पुन्हा उघडणारा माणूस. नमाजही पुन्हा उघडत असेल.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं होतं. दुकानात कुणी बंदुकीचा विषय काढला की तुम्ही सांगायचात, "मास्तरांसारखा सावध माणूस नाही. डुक्कर समजून दुसरा कुणी मोकळा झाला असता. यांनी बंदूक खाली ठेवली, दुर्बीण मागितली." मी मागितली! समोर बसून मी ते ऐकायचो. पहिल्यांदा मान खाली घातली. दुसऱ्यांदा चहाचा कप पाहिला. पुढे पुढे, खरं सांगतो, 'त्यात काय विशेष' अशा चेहऱ्याने बसायला लागलो. लोकांच्या हारतुऱ्यांना मी जन्मभर हसत आलो, आणि तुम्ही घातलेला हा एक हार तीन वर्षं गळ्यात ठेवून हिंडलो. तुम्हाला बोल्टचा आवाज आला होता का, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही. आला नसेल तर सांगावं लागलं असतं. आला असेल तर तुम्ही मला वाचवण्यासाठी खोटं बोलत होतात, आणि ते मला त्याहून जड गेलं असतं.

रायफल त्यानंतर फक्त तेलपाण्यासाठी पेटीबाहेर आली. मका मी अजून लावतो. डुकरं अजून काढतात.

काल मी पेठ गावाला गेलो. धुळाबाची मेंढरं सध्या तिथे, रस्त्यापलीकडच्या एका रानात बसलीत असं सोपानकडून कळलं होतं. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्याने डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ ते नुसतंच घडी करत बसला. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. सगळी. चांदणी नव्हती, डुक्कर समजलो होतो, गोळी आत होती, बोट घोड्यावर होतं.

"म्हाईत हाय," धुळाबा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"खट्ट वाजलं व्हतं. रानात तसं दुसरं काय वाजत न्हाई, मास्तर. मी तसाच बसलो, काटा तसाच ठिवून. हाललो असतो तर तुमाला वाटलं असतं, पळतंय."

"ओरडायचंस तरी."

"त्वांडातनं आवाज निघंना. पर मला दिसत व्हतं ना सगळं. यासीनभाई, तवा कोन ते वळखलं न्हवतं, बांधावर कपाळ टेकून व्हता. खट्ट झालं आन् त्यो तसाच उठला, नमाज मधीच टाकून. पायात काय न्हाई. मला वाटलं आता ह्यो पळत सुटंल, बोंब मारंल. तर न्हाई. चालत आला. एकेक पाय दाबून, तुमच्या मागनं. मी मनात म्हनतोय, अरं पळ की बाबा, पळ! मागनं कळलं मला. पळाला असता, वरडला असता, तर तुमी दचकला असता. आन् बोट घोड्यावर."

तुमचा बांध ते मोटारीची खोली, वीस पावलं. तळहाताएवढ्या घड्याळात मुंगीएवढं चाक बसवताना तुमचा श्वास कसा थांबायचा ते मी पाहिलंय. पण बंदुकीच्या आवाजाला घाबरणारा माणूस, एका जिवासाठी सजद्यातून उठतो आणि तो जीव जाऊ नये म्हणून धावत नाही. काट्याकुट्यातून वीस पावलं चालतो. कितीही मोठी काच लावली तरी मला ते दिसलं नसतं, कारण तुम्ही माझ्या मागे होतात.

"मग तू कधी बोलला का नाहीस?" मी धुळाबाला विचारलं.

"त्यो चांदणी म्हनला. मी चांदणी धरून चाललो. म्हाताऱ्याला खोटं कशाला पाडायचं?"

"राग नाही आला माझा?"

"आला की! न यायला काय झालं? तीन सालं झाली तुमच्या रानात मेंढरं बसवली न्हाईत, ध्यानात आलं न्हाई व्हय तुमच्या?"

आलं नव्हतं. त्याला दुसरीकडे चांगलं रान मिळालं असेल असं मी समजत होतो. तसं मी म्हणालो तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "मास्तर हाय का कोन हाय," असं स्वतःशीच पुटपुटला, फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळलं आणि उठला. दिवस मावळला होता. मेंढरं जाळीत घ्यायची वेळ झाली होती.

"औंदा बसवतो," तो चालता चालता म्हणाला. "मका निघाला की सांगावा धाडा."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पाच मिलिमीटरमध्ये मावेल तेवढा उजेड होता, मग तेवढाही उरला नाही. आधी मेंढरं दिसेनाशी झाली, मग घोंगडी. काळ्या रानात मला काहीच ओळखता येत नव्हतं. पण तिथून धुळाबाचा आवाज येत होता, यासीनभाई. मागे राहिलेल्या कुठल्यातरी मेंढीला तो नाव घेऊन शिव्या देत होता, आणि ती येत नव्हती, आणि तो पुन्हा देत होता.